गर्दीतून बाजूला

रेकॉर्डिंगला उभ्या राहायच्या आधी रूथअक्का हातातल्या बांगड्या काढायच्या. नळाखाली हात धरून, साबण लावून, एकेक करून काढायच्या आणि जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवायच्या. मग गडद निळ्या, बिनकाठाच्या साडीचा पदर खोचून पडद्यासमोर यायच्या. नवरा गावी शेतीवर धडधाकट असताना बाईने असे मोकळे हात करून उभं राहावं, हे आमच्याकडच्या बायकांना कसं रुचावं? हॉल झाडायला येणारी बाई एकदा तोंडावर म्हणालीच, "अक्का, असं बरं नही दिखत."

"काकणं चमकतस ना बाई," अक्का म्हणाल्या. "मंग पोरे काकणं दखतीन का गानं दखतीन?"

अक्कांची गाणी डोळ्यांनी पाहायची होती. धुळ्यातल्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बहिऱ्या मुलांसाठी एका ख्रिस्ती वाहिनीचा कार्यक्रम तयार व्हायचा. त्यातली खुणांच्या भाषेतली गाणी अक्का रचायच्या, मुलांकडून बसवून घ्यायच्या, आणि कॅमेऱ्यामागे मी असायचो. मी काही त्यांच्यातला नाही. मी मूळचा एरंडोलचा, घरी संकष्टी धरणारी, पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलणारी माणसं. धंदा लग्नं शूट करण्याचा. उन्हाळा संपला की कॅमेरावाल्याला कोणी विचारत नाही, म्हणून हे काम घेतलं. दोन महिने करू आणि सोडू, असा माझा हिशेब होता. तो अक्कांनी चुकवला.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. पिंकी नावाची दोंडाईच्याची एक मुलगी गाणं करत होती. वय दहा-अकरा, अंगाने काटकुळी, पण डोळे असे की पाहत राहावं. मी सवयीने हळूहळू तिच्या चेहऱ्यावर झूम करत गेलो. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं की कॅमेरा आत घालायचा, ही आमच्या धंद्याची बाराखडी. मागून अक्का आल्या आणि सरळ लेन्ससमोर पंजा धरला.

"भाऊ, तू तिना हात काबरं कापी टाकात?"

मी गडबडलो. "हात? मी कुठे कापले?"

"टीव्हीमा दख. नुसतं तोंड शे. हातच नहीत, मंग गानं कोठे शे?"

त्यांनी माझ्या मॉनिटरवर चिकटपट्टीच्या चार पट्ट्या लावल्या. डोक्यावर थोडी जागा, खाली कमरेपर्यंत, दोन्ही बाजूंना कोपर पसरतील इतकी मोकळीक. याच्या आत यायचं नाही. आज मी लग्नंसुद्धा तशीच शूट करतो. गिऱ्हाइकं म्हणतात, मेंदी काय सुरेख आली आहे व्हिडिओत.

अक्का पिंपळनेरच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या. वाहिनीच्या साहेबांशी किंवा बाहेरून आलेल्या पाहुण्यांशी शुद्ध बोलायच्या, शाळेच्या वसतिगृहात पंधराएक वर्षं काढलेली बाई ती. पण राग आला, आनंद झाला किंवा भूक लागली की अहिराणीवर यायच्या. आणि राग नाकावर. कोणी 'मूकबधिर' म्हटलं की संपलंच. "मुकं कोन शे?" त्या विचारायच्या. "दिवसभर बडबड करतस बठ्ठा. माले झोपू देत नहीत." हे खरंच होतं. दुपारच्या सुट्टीत हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता असायची आणि वीस हात एकाच वेळी भांडत असायचे.

दुसरा नियम हात न धरण्याचा. एकदा वाहिनीकडून आलेल्या एका तरुण बाईंनी खुणा करणाऱ्या एका मुलाचे दोन्ही हात प्रेमाने हातात घेतले आणि त्याच्याकडे पाहून गोड हसल्या. अक्का हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडल्या, "तेना हात धरू नका! तोंड दाबतस का तुम्ही तेनं?" बिचाऱ्या बाई रडकुंडीला आल्या. मला तेव्हा अक्कांचं जरा अतिच वाटलं. मी तसं म्हणालोही. त्यावर त्या म्हणाल्या की जुन्या शाळांमध्ये मुलांनी खुणा करू नयेत म्हणून त्यांना हातावर बसवून ठेवायचे. त्यातली माणसं अजून जिवंत आहेत, ती हात धरू देत नाहीत कोणाला. इतकं बोलून त्या चहाला निघून गेल्या, माफी मागायची म्हणून त्या बाईंकडे वळल्यासुद्धा नाहीत.

आधी मला वाटायचं, हिंदी-मराठी भजन घ्यायचं आणि त्याच्या प्रत्येक शब्दाला एक खूण लावायची, झालं गाणं. वाहिनीच्या साहेबांनाही तसंच वाटायचं. अक्कांचं काम अगदी उलटं चालायचं. चर्चच्या मोडक्या बाकांच्या फळ्या जोडून त्यांनी एक बसकी लाकडी बैठक करून घेतली होती. मुलं तिच्यावर अनवाणी उभी राहायची आणि अक्का एका कोपऱ्यावर मुठीने ठेका धरायच्या. तो तळपायातून मुलांना कळायचा. मग शोधायचं यमक. ते हाताचं यमक. मासा, नदी, होडी, रस्ता या खुणांना पंजा सपाटच राहतो, नुसता हलतो वेगवेगळा. म्हणजे एकाच पंजातून मासा निघतो, त्याची नदी होते, नदीची होडी होते, आणि होडी काठाला लागली की येशू उभा. येशूची खूण म्हणजे मधल्या बोटाने आळीपाळीने दोन्ही तळहातांना टेकायचं, खिळ्यांच्या जागी. हे सगळं जमलं की मग मी व्हिडिओ जळगावच्या एका पेटीवाल्याला पाठवायचो आणि तो हातांकडे पाहून चाल लावायचा. चाल ऐकणाऱ्यांची सोय म्हणून. साहेब दर वेळी कुरकुरायचे की संगीत जरा मागे पडतं. अक्का म्हणायच्या, "मागेच राहू द्या त्याला."

अक्कांच्या खुणा अस्सल होत्या असं मात्र नाही. त्यांना ऐकू यायचं आणि ही भाषा त्या तिशी उलटल्यावर शिकल्या होत्या. खूण करताना त्यांचे ओठ हलायचे, भुवया भलत्याच वेळी वर जायच्या. मुलं पाठीमागे त्यांची नक्कल करायची. पिंकी तर इतकी हुबेहूब करायची की मी कॅमेरा बंद करून हसायचो. एकदा अक्कांनी ती पाहिली. मला वाटलं, आता पोरीची काही खैर नाही. त्यांनी पिंकीला पुन्हा करायला लावली, नीट पाहिली आणि म्हणाल्या, "इतकी वाईट करस मी?" त्या दिवशी त्या बराच वेळ आरशासमोर होत्या.

प्रार्थनेचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साहेबांनी ठरवलं की कार्यक्रमाची सुरुवात प्रार्थनेने करायची. चर्चमधले एक वडीलधारे गृहस्थ आले, मुलांना रांगेत उभं केलं, हात जोडायला लावले आणि डोळे मिटायला लावले. त्यांची प्रार्थना सुरू झाली. गृहस्थ तब्येतीत बोलत होते, पाऊस, पिकं, पुढारी, सगळे झाले. 'आमेन' झालं. आम्ही मोठ्यांनी डोळे उघडले. मुलं तशीच. आमेन त्यांना सांगणार कोण आणि कसं? डोळे गच्च मिटून, माना खाली घालून ती आज्ञाधारक पोरं उभीच राहिली. एकाचं नाक गळत होतं, ते पुसायचीही त्याची हिंमत नव्हती. मला आधी हसू आलं, मग मी कॅमेरा बंद केला. अक्कांनी बैठकीवर पाय आपटला, धाडकन. सगळे डोळे उघडले.

"डोया मिटात म्हनजे यास्ले बठ्ठा अंधार शे," अक्का त्या गृहस्थांना म्हणाल्या. "अंधारात उभं करून कोणाशी बोलायला लावता यांना?"

गृहस्थांचा पारा चढला. देवासमोर डोळे उघडे ठेवायचे, हा कुठला आदर? अक्का हटल्या नाहीत. शेवटी प्रार्थना हातांनी, उघड्या डोळ्यांनी झाली आणि ते गृहस्थ पुन्हा हॉलकडे फिरकले नाहीत. पण त्या दुपारी अक्का जेवल्या नाहीत. डबा उघडून बसल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मना दानू असाच डोया मिटस."

दानू म्हणजे दानीएल, अक्कांचा एकुलता एक मुलगा. जन्मापासून बहिरा. आता तिशीतला, जळगावला एका डाळमिलमध्ये कामाला. मिलमध्ये आवाजाने इतरांची डोकी उठतात. याला त्रास नाही म्हणून मालक खूष. अक्का दर महिन्याला त्याला डबा घेऊन जायच्या. तो डबा घ्यायचा, बापाची तब्येत विचारायचा, म्हशीची विचारायचा. आईने गाण्यांचं, कार्यक्रमाचं, चर्चचं नाव काढलं की डोळे मिटायचा. कान असलेल्या माणसाने पाठ फिरवली तरी त्याला दोन शब्द ऐकवता येतात. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की दार बंद. साऱ्या खानदेशातली मुलं अक्कांची गाणी पाहत होती, पालक फोनवर मागून घेत होते, आणि ज्याच्यामुळे त्या ही भाषा शिकल्या त्याने एकही गाणं पाहिलं नव्हतं. अक्कांना फक्त तेवढंच हवं होतं. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण गाणं तयार झालं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "फोनमा बसई का भाऊ?" आणि महिन्याच्या भेटीहून परत आल्या की मी काही विचारायचो नाही.

दानू डोळे का मिटतो, हे मला पुढे कळलं. साहेबांच्या डोक्यात एका खास कार्यक्रमाची कल्पना आली तेव्हा. साहेब माणूस चांगला, हे आधी सांगतो. घामाघूम होऊन मुलांसाठी स्वतः केळी घेऊन यायचे. त्यांनी मुलांना समोर बसवलं आणि शुभवर्तमानातली बहिऱ्या माणसाची गोष्ट सांगायला घेतली. ते सांगत होते, अक्का हातांनी मुलांना देत होत्या. लोक एका बहिऱ्या, अडखळत बोलणाऱ्या माणसाला येशूकडे आणतात. येशू त्याच्या कानांत बोटं घालतो, जिभेला स्पर्श करतो, आणि तो माणूस ऐकू लागतो, बोलू लागतो. याचंच गाणं करायचं, साहेब म्हणाले. तेवढ्यात पिंकीने हात वर केला आणि खुणांनी काही विचारलं.

अक्कांचे हात थांबले.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," अक्का म्हणाल्या, "पाणी पाहिजे म्हणते."

एव्हाना मला खुणा बऱ्यापैकी कळत होत्या. पिंकीने विचारलं होतं, त्याला बरं केलं, मग मला का नाही, मी काय केलं? अक्का पिंकीला घेऊन नळाकडे गेल्या आणि तहान नसलेल्या पोरीला पेलाभर पाणी पाजलं.

मुलं गेल्यावर त्यांनी साहेबांना सांगितलं की हे गाणं मी करणार नाही. साहेब समजावत राहिले. बहिऱ्या मुलांच्या कार्यक्रमात बहिऱ्याचीच गोष्ट नाही, हे लोक विचारतात. मुलांना आशा द्यायला नको का? वाहिनी कुठवर ऐकून घेईल? त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. अक्का नुसत्या मान हलवत राहिल्या. साहेब गेले, मी वायरी गुंडाळत होतो, आणि अक्का त्या लाकडी बैठकीच्या कडेला बसून माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

दानू सात वर्षांचा असताना दोंडाईच्याकडे एका मैदानावर मोठी चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा, भरली होती. बाहेरून कोणी उपदेशक आले होते. मोठा मांडव, कर्णे, माणसंच माणसं. अक्कांनी उपास केले होते. दानूला स्टेजवर नेलं आणि त्या मांडवाच्या गर्दीत उभ्या राहिल्या. उपदेशकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली, मग मागे उभं राहून टाळी वाजवली आणि विचारलं, ऐकू आलं? पोरगं गोंधळलं. काय चाललंय ते त्याला काय कळणार? अडचणीत पडलं की लहान मूल करतं तेच त्याने केलं.

"मना पोऱ्या गर्दीमा माले शोधे," अक्का म्हणाल्या. "मी दिखनू तेले. अन् मी मान हालाई. हो म्हन, हो म्हन, असं."

दानूने हो म्हणून मान हलवली. सगळा मांडव उठला. लोक रडले, नाचले. अक्काही नाचल्या. कानाचं मशीन त्यांनी तिथेच स्टेजवर काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरात दानूच्या पाठीमागे तांब्याचा हंडा पडला. तो वळला नाही.

"मग सांगितलं नाही कोणाला?" मी विचारलं.

"कसं सांगू? बठ्ठ्यास्नी देवना आभार मानेल व्हतात. मीच अविश्वासी ठरले असते." मग शुद्ध बोलू लागल्या, साहेबांशी बोलायच्या तशा. "बरा झाला ना, मग बहिऱ्यांच्या शाळेत कशाला, म्हणून नाव काढलं. गावच्या शाळेत घातला. वर्षभर. शेवटच्या बाकावर. सगळे उठले की उठायचा, सगळे हसले की हसायचा. त्या वर्षात त्याच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही, भाऊ. आम्हाला खुणा येत नव्हत्या आणि ज्या पोरांना येत होत्या त्यांच्यातून मी त्याला काढून आणला होता."

शेवटी गावच्या मास्तरांनीच घरी येऊन सांगितलं की पोराला काही ऐकू येत नाही. अक्कांनी त्याला पुन्हा बहिऱ्यांच्या शाळेत नेलं, स्वतः तिथल्या वसतिगृहात कामाला राहिल्या आणि पोरांकडून खुणा शिकल्या. पण दानू आईशी मोजकंच बोलायचा. त्या वर्षाचा विषय त्याने कधी काढला नाही, आणि अक्कांनी काढला की तो डोळे मिटायचा.

मी आपला वायर गुंडाळत राहिलो. खरं सांगायचं तर मला अक्कांचा रागही आला होता. सात वर्षांचं पोर भर सभेत आईकडे बघतं आणि आई त्याला खोटं बोलायला लावते. आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की तिला ते खोटं वाटलंच नव्हतं. तिच्या जागी माझी आई असती तर तिने काय वेगळं केलं असतं? पद्मालयाच्या पायऱ्यांवर अशा किती आया मी पाहिल्या आहेत.

त्यानंतर काही दिवस अक्का हॉलमध्ये यायच्या, मुलांना जुनी गाणी करायला लावायच्या आणि स्वतः पवित्र शास्त्र उघडून एकाच पानावर बसून राहायच्या. साहेबांचे फोन चालूच होते. एक दिवस मला म्हणाल्या, "भाऊ, एक गोष्ट मी इतकी वर्षं वाचली आणि वाचलीच नव्हती. कान बरे करायच्या आधी तो त्याला गर्दीतून बाजूला घेऊन जातो." मी म्हटलं, बरं. त्या म्हणाल्या, "बरं काय? स्टेजवर नाही चढवत. बाजूला नेतो. आणि मग कानात बोट, जिभेला हात, वर पाहणं, उसासा. हे सगळं काय आहे? त्या माणसाला ऐकू येत नाही ना, म्हणून तो त्याच्याशी हातांनी बोलतो."

त्यावर गाणं झालं. सुरुवातीला गर्दी: सगळ्या मुलांचे हात एकाच वेळी, इतके वेगात की काही म्हणजे काही वाचता येत नाही. त्यातून पिंकी आणि एक मोठा मुलगा बाहेर येतात. मागचे हात थांबतात. बैठकीवरचा ठेकाही थांबतो. मोठा मुलगा पिंकीच्या कानांकडे बोट नेतो, ओठांकडे नेतो, वर पाहतो आणि छातीतून एक मोठा श्वास सोडतो. मग विचारतो, तुझं नाव काय? पिंकी आपल्या नावाची खूण करते. तो तीच खूण तिला परत करून दाखवतो. गाणं संपलं.

शूट करताना माझी लेन्स दोनदा धुरकटली. लेन्स पुसली, पण धुरकटलं होतं माझ्याच डोळ्यांत.

साहेबांनी पाहिलं. मग विचारलं, "अक्का, चमत्कार कुठे गेला?"

"झाला की," अक्का म्हणाल्या.

साहेबांना ते पटलं नाही. पण गाणं फेकून द्यायचाही धीर झाला नाही. त्यांनी मधला मार्ग काढला. पेटीवाल्याकडून शेवटी एक जादा कडवं गाऊन घेतलं, त्यात त्या माणसाचे कान उघडतात, तो देवाचा गौरव करतो, सगळं यथासांग. चित्र तेच. म्हणजे ऐकणाऱ्यांनी ऐकलं की बहिरा बरा झाला, आणि बहिऱ्या मुलांनी पाहिलं की कोणी तरी बाजूला नेऊन नाव विचारलं. मला वाटलं, अक्का आता आकाशपाताळ एक करतील. त्या हसायला लागल्या. "पोरास्ले कोठे आयकू येस?" म्हणाल्या आणि हसता हसता तिथेच बसून रडल्या. काही आठवड्यांनी कार्यक्रम बंद झाला. कारण कोणी सांगितलं नाही. हॉल पुन्हा लग्नाच्या पंगतींना द्यायला लागले. अक्का गावी पिंपळनेरकडे निघून गेल्या, त्या आता तिथेच असतात.

हॉल रिकामा केला त्याच आठवड्यात मला जळगावला एक लग्न होतं. अक्का म्हणाल्या, मीही येते, मिलवर सोड. व्हॅनमध्ये त्यांच्या मांडीवर डबा होता. नागलीची भाकर आणि उडदाची डाळ. डाळमिलवाल्याला डाळ कशाला, असा मी विनोद केला, त्या हसल्या नाहीत. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. पाळधीच्या पुढे त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि हातातल्या बांगड्या एकेक करून काढायला लागल्या. साबण नव्हता, हात लाल झाले.

"अक्का, आज रेकॉर्डिंग नाही."

"माले म्हाईत शे," त्या म्हणाल्या.

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते तिथे, मिलच्या फाटकासमोर, भर दुपारी. मी रस्त्याच्या अलीकडे व्हॅनमध्ये बसलो होतो. खुणांचं हे एक आहे, रस्त्यापलीकडचंही बोलणं कळतं. मान वळवायला हवी होती. मी वळवली नाही.

दानू सुट्टीत बाहेर आला. उंच, खांद्यात जरा वाकलेला, डाळीच्या भुशीने भुवया पिवळ्या झालेल्या. दोघं निंबाखाली दगडावर बसले. त्याने डबा खाल्ला. बाप, म्हैस, सगळं विचारून झालं. मग अक्कांनी फोन काढून पुढे धरला. स्क्रीनवर मुलं दिसताच त्याने डोळे मिटले.

अक्कांनी त्याला हात लावला नाही. पाय आपटला नाही. फोन मांडीवर ठेवला, रिकामे हात त्याच्या शेजारी ठेवले आणि बसून राहिल्या. चहावाल्याने दोन कप आणून ठेवले, त्यांवर साय धरली. एकदाचे दानूने डोळे उघडले. आई गेली का ते पाहायला असेल. ती समोरच होती. त्याने फोन उचलला.

गाणं मला पाठ होतं, तो कुठे पोचला असेल ते मी इथून सांगू शकत होतो. आता गर्दी. आता बाजूला. आता उसासा. आता नाव. त्याने ते पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग फोन ठेवून आईकडे वळला आणि दोनच खुणा केल्या. गर्दी. कुठे गेली?

अक्कांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. गर्दी, मी. तेच पुन्हा केलं. मग त्यांचे हात धावायला लागले. मांडव, स्टेज, मान, हो म्हण, शाळा, शेवटचा बाक, ओठ हलताहेत, भुवया भलत्याच वेळी वर जाताहेत, निम्म्या खुणा चुकताहेत, त्यांच्या त्या कच्च्या, उशिरा शिकलेल्या भाषेत इतक्या वर्षांचं सगळं एकदम. दानू डोळे उघडे ठेवून पाहत होता. पाहता पाहता त्याने पुढे वाकून आईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि धरून ठेवले.

माझ्या तोंडून सवयीने निघणार होतं, अरे, हात धरू नको. पण अक्कांनी हात सोडवून घेतले नाहीत.